नव्वद दिवस आधी कळवावे

'मृत व्यक्तीचे नाव' या चौकटीत निनादनं 'जनार्दन त्र्यंबक उमाळकर' असं लिहिलं, आणि तेवढ्यात टेबलावरच्या फोनमधून साक्षात जनार्दन त्र्यंबक उमाळकर म्हणाले, "ऐकतोयस ना? भेंडी चारशे रुपये किलो झालीय मेहकरला. लूट चाललीय नुसती!"

निनादनं नाव खोडलं. सकाळपासून तिसऱ्यांदा. जितंजागतं माणूस भेंडीवर चिडतंय आणि आपण इथं बसून त्याला मयत करायचं, हे काही त्याच्या बोटांना जमेना.

"बाबा, नंतर करतो फोन."

"नंतर कशाला? काय चाललंय एवढं?"

"ऑफिसचा फॉर्म भरतोय."

"भर, भर. आणि नीट वाचून भर. अर्धे अर्ज घाईनं परत येतात," असं म्हणून बाबांनी फोन ठेवला. ते बोलणारच. पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत तेहतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? कुणाची अर्जित रजा, कुणाची किरकोळ, कुणाची वैद्यकीय. तालुक्यातला एकही ग्रामसेवक त्यांच्या सहीशिवाय बायकोच्या बाळंतपणाला जाऊ शकला नव्हता.

निनाद ऑस्ट्रियात टिरोलच्या डोंगरांत एका रोपवेवर मेकॅनिक होता. चार वर्षं सात महिने झाले होते. एप्रिलमध्ये पाच वर्षं भरली की कायम राहण्याचा परवाना मिळणार होता. देश म्हणजे रजेचा स्वर्ग. वर्षाला पाच आठवडे पगारी रजा, तेरा सार्वजनिक सुट्ट्या, मेरीमातेचा दिवस वेगळा आणि तीन राजांचा वेगळा. पण रोपवेवाल्यांची एक गोम होती. डिसेंबर ते मार्च, बर्फाच्या हंगामात, रजा बंद. जी काय घ्यायची ती मे महिन्यात, सगळ्यांनी एकदम. या मेमध्ये त्यानं आठ दिवस मेहकरला काढले होते आणि उरलेले मित्रांबरोबर पोर्तुगालला. "इथं टँकरनं पाणी येतंय, उन्हात कशाला थांबतोस," असं बाबाच म्हणाले होते. ते आठवलं की आता त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटायची.

बाबांच्या छातीवर दोन वर्षांपासून एक टिकली चिकटवलेली होती. यंत्रच ते, पण सगळे टिकलीच म्हणायचे. सत्तरीपुढच्यांना सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळायची. तिचं काम एकच. तुम्ही जिना चढता, छाती धडधडते, टेकलात की मिनिटा-दोन मिनिटांत निवते. जेवलात की रक्तातली साखर चढते, मग उतरते. गार पाणी अंगावर घेतलं की अंग शहारतं आणि पुन्हा ऊब धरतं. शरीर दिवसभर असे शेकडो लहान धक्के खातं आणि दर वेळी सावरतं. सावरायला किती वेळ लागला, एवढंच टिकली मोजायची.

म्हातारपणी हा सावरण-काळ वाढतो, हे तर कुणीही सांगेल. शास्त्रज्ञांना सापडलं ते त्याच्या पुढचं. शेवटच्या काही महिन्यांत तो हृदयात, रक्तात, झोपेत, सगळीकडे एकदमच लांबायला लागतो, आणि ठरावीक वळणानं लांबतो. तळी मरण्याआधी, जंगलं वाळण्याआधी हेच होतं. गणितही तिथूनच उचललेलं. ते वळण सुरू झालं की रेघ पुढं ओढायची आणि ती कुठं टेकते ते बघायचं. दहांतल्या नऊ जणांची तारीख फार तर चार दिवस मागं-पुढं व्हायची. औषध नव्हतं, कारण रोगच नव्हता. "एखादा नळ गळत असता तर दुरुस्त केला असता, इथं टाकीच संपत आलीय," डॉक्टर म्हणाले होते.

बाबांची तारीख निघाली होती बारा फेब्रुवारी. डॉक्टरांनी सांगितल्यावर बाबा "बरं" म्हणाले आणि त्यांनी कागदावर छापील प्रत मागून घेतली. त्यानंतर घरात कुणी त्या विषयावर बोललं नव्हतं.

आणि या एवढ्या मोठ्या शोधाचा युरोपात सगळ्यात आधी उपयोग कुणी केला असेल, तर रजेच्या खात्यानं! पूर्वी आईवडील गेले की दोन दिवस मिळायचे. नव्या कायद्यानं शुश्रूषेच्या, सोबतीच्या, होत्या नव्हत्या त्या सगळ्या रजा गोळा केल्या आणि त्यांची एकच तीन आठवड्यांची शोक-रजा केली. उदार मनाची माणसं. फक्त तिची लेखी सूचना नव्वद दिवस आधी द्यायची. मरण अचानक येतं ही सबब यापुढं चालणार नाही, असं प्रस्तावनेत अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं.

"मला मेल्यावर नकोय हो रजा!" निनाद दुसऱ्या दिवशी कार्मिक विभागाच्या फ्राउ लाइटनरसमोर बसून म्हणाला. "आधी हवीय. ते बोलतायत, जेवतायत, भांडतायत, तोवर."

फ्राउ लाइटनर बाई वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला कॉफी दिली. "हेर उमाळकर, आधी जाणं म्हणजे भेट. भेटीसाठी वार्षिक रजा असते. ती तुम्ही मेमध्ये घेतलीत. शोक मृत्यूनंतर होतो."

"तुमच्यात नंतर होत असेल!"

"बिनपगारी विचारू नका. हंगामात माझ्याकडे प्रमाणपत्रवाले चारच मेकॅनिक आहेत, आणि खाली दोन हजार माणसं लटकत असतात." त्या पडद्याकडे बघून पुढं म्हणाल्या, "आणि हो, वडिलांची संमती लागेल. मृत्यूची तारीख ही त्यांची खासगी माहिती आहे."

म्हणजे ज्यांच्या मरणाचा अर्ज, त्यांचीच त्यावर सही. निनादनं कपाळाला हात लावला आणि तो फॉर्म मेहकरला बहिणीकडे पाठवून दिला.

मयूरी मेहकरलाच शाळेत शिकवायची आणि बाबांचं सगळं तीच बघायची. तिनं फॉर्म उघडला, 'मृत व्यक्तीचे नाव' वाचलं आणि रामराम म्हणून डोळे मिटले. जिवंत बापाचं नाव तिथं लिहायचं? असलं अभद्र ती करणं शक्य नव्हतं. पण दादाचं काम तर अडायला नको. म्हणून तिनं विचार करून तिथं आजोबांचं नाव आणि तारीख टाकली आणि अर्ज परस्पर पाठवून दिला. ते आधीच गेलेले होते, त्यांना काय फरक पडणार होता!

दोन दिवसांनी निनादला उत्तर आलं. 'सदर व्यक्तीचा मृत्यू सेहेचाळीस वर्षांपूर्वी झालेला आहे. नव्वद दिवसांची पूर्वसूचना मिळालेली नाही. अर्ज नामंजूर.'

"काहून आजोबांना मधे आणलंस तू?" निनाद फोनवर ओरडला.

"मग काय बाबांना मारू? तिथं बसून तू मार. तुझे हात तिकडं थंडीनं बधिर झाले असतील, माझे नाहीत!"

त्यांचं हे भांडण मागं खुर्चीत बसलेल्या बाबांनी शब्दन् शब्द ऐकलं. ते नुकतेच बँकेतून हयातीचा दाखला देऊन आले होते. नोव्हेंबर महिना, पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत आहोत हे सही करून सांगण्याचा. त्यांनी मयूरीच्या हातातून फोन घेतला.

"आण तो फॉर्म इकडं. आणि नियमावली कुठंय? नियमावलीशिवाय मी कशावर सही करत नाही."

"बाबा, तुमच्या मरणाचा अर्ज आहे तो!"

"मग मीच नको का तपासायला?"

आणि खरंच, माणूस कामाला लागला. निवृत्तीनंतर निनादनं त्यांना इतकं ताजंतवानं पाहिलं नव्हतं. तीनशे दहा पानांचा कायदा फोननं मराठीत करून दिला, तो त्यांनी छापून आणला, त्याला टॅग लावून फाइल केली आणि रोज सकाळी दहाला बैठक मारून लाल पेनानं रेघा ओढायला सुरुवात केली. सुट्टी रविवारी आली तर बुडते हे वाचून त्यांना संताप आला. मसुदा करणाऱ्याला अक्कल नाही असं त्यांनी निनादला चार वेळा ऐकवलं. निनाद डोकं धरून बसायचा. नव्वद दिवसांतले नऊ गेले होते आणि बाप परिशिष्टं वाचत होता.

दहाव्या दिवशी बाबांचा फोन आला. "सापडलं. कलम सात, पोटकलम चार. 'शोककाळ मृत्यूच्या दिवशी, किंवा कर्मचाऱ्याच्या धर्मानुसार होणाऱ्या पहिल्या अंत्यविधीच्या दिवशी सुरू होईल. जे आधी घडेल ते.' आणि नव्वद दिवसांची अट मरणाला आहे, विधीला नाही."

"मग?"

"मग काय मग? काही लोकांत मरणाऱ्याच्या उशाशी आधीच प्रार्थना सुरू होते, त्यांच्यासाठी ठेवलंय ते. आपल्यात त्याहून जास्त सोय आहे. माणसाला जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करता येतं. जीवच्छ्राद्ध म्हणतात. मी भटजींना विचारून आलो. आठ जानेवारीला करतो."

पलीकडून मयूरीचा आवाज चढला. "अन् मग फेब्रुवारीत? दादाची रजा संपलेली असेल. अग्नी कोण देणार?"

"तू देशील."

"वा! दवाखाना मी, औषधं मी, तुमचं पथ्य मी, आता अग्नीपण मीच द्यायचा! दादानं येऊन फक्त गप्पा मारायच्या!"

ती म्हणाली त्यात खोटं काहीच नव्हतं. मग तीच म्हणाली, "ये तू दादा. गेल्यावर येऊन तरी काय करशील? बसशील तोंड पाडून."

आठ जानेवारीला मेहकरात पैनगंगेच्या घाटावर जनार्दन उमाळकरांनी स्वतःला पिंड दिला. मयूरीनं फोन धरून निनादला सगळं दाखवलं. भटजींनी नाव उच्चारलं आणि बाबांनी मधेच थांबवून गोत्र दुरुस्त केलं. दाखल्याचा मसुदाही त्यांचाच होता. 'सदर इसम हयात असून त्यांचे श्राद्ध आज रोजी विधिवत पार पडले आहे.'

फ्राउ लाइटनर बाईंनी ते भाषांतर तीनदा वाचलं.

"म्हणजे ते जिवंत आहेत."

"हो."

"आणि विधी झाला."

"हो."

बाईंनी पोटकलम चार उघडलं, बराच वेळ त्याकडे बघितलं आणि शेवटी मंजुरी दिली. "पण नीट ऐका, हेर उमाळकर. एका व्यक्तीसाठी एकदाच. आमच्या नोंदीत तुमचे वडील आजपासून मृत आहेत. फेब्रुवारीत काही झालं तर मी तुम्हाला एक तासही देऊ शकणार नाही. आणि एकोणतीस तारखेला सकाळी तुम्ही इथं हजर नसलात, तर करार आपोआप संपतो. करार संपला की परवानाही."

निनाद मेहकरला पोहोचला तेव्हा बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मेमध्ये पाहिलेला माणूस हा नव्हताच. निम्मा उरला होता. उठून उभं राहायला त्यांना वेळ लागला, आणि उभं राहिल्यावर श्वास लागला तो निवायला त्याहून जास्त. छातीवरची टिकली हे मोजत असणार, या विचारानं निनादला ती उपटून फेकून द्यावीशी वाटली.

"प्रवास बरा झाला? रजेचा आदेश आणलायस ना? झेरॉक्स दे एक," बाबा म्हणाले.

आणि मग ते एकवीस दिवस सुरू झाले, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला होता. बाप-लेक एकमेकांसमोर बसत आणि काय बोलावं ते दोघांनाही कळत नसे. निनाद पाय चेपायला गेला की बाबा म्हणत, "राहू दे, मयूरी करते." मयूरी शाळेत गेली की ते कपाटातल्या फाइली काढत. घरपट्टी, नळपट्टी, विजेची बिलं, तीस-तीस वर्षांपूर्वीची. वर्षवार लावत, टॅग बांधत, कव्हरवर बारीक अक्षरात लिहीत. थकले की डोळे मिटत आणि उठले की पुन्हा फाइल. एक आठवडा गेला. दुसरा गेला. जुने कर्मचारी भेटायला येत, त्यांच्याशी मात्र बाबा तासभर वेतननिश्चितीवर बोलत.

रजेच्या सोळाव्या दिवशी निनादचा तोल गेला. बाबा १९९८ सालच्या पावत्या मोजत होते.

"बास करा बाबा! मी सहा हजार किलोमीटरवरून या पावत्या बघायला आलोय का? तीन आठवडे मिळाले होते, त्यातले सोळा दिवस तुम्ही फाइली लावताय!"

"मग काय करायचं असतं?" बाबांनी खरोखरच विचारलं.

"मला काय माहीत? तुम्ही कधी दाखवलंत? निवृत्त झालात तेव्हा तुमच्या खात्यावर तीनशे दिवस रजा शिल्लक होती. तीनशे! तुम्ही पेढे वाटलेत त्याचे. आई अकोल्याला दवाखान्यात होती तेव्हा त्यातले दहा दिवस घ्यायला काय झालं होतं? मी चौदा वर्षांचा होतो बाबा. मी बसलो होतो तिच्याजवळ. तुम्ही शेवटच्या दिवशी संध्याकाळी आलात, तेही साडेपाचला ऑफिस सुटल्यावर."

"मार्च एन्ड होता," बाबा म्हणाले. इतकी वर्षं तयार असलेलं उत्तर आपोआप बाहेर पडलं, आणि ते ऐकून त्यांचंच तोंड उतरलं.

निनादला लगेच स्वतःचा राग आला. मरणाऱ्या माणसाला काय ऐकवतोय आपण! तो उठून आत जायला निघाला.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी पावत्या खाली ठेवल्या. दम घेत घेत बोलले. "मार्च एन्ड होता हे खरंय. पण साहेब म्हणाले होते जा म्हणून. मीच गेलो नाही. मला भीती वाटायची रे. तिथं तिच्याजवळ बसून काय करायचं ते मला कळत नव्हतं. ऑफिसात कळायचं. माझ्या टेबलावर आलेल्या माणसाला मी म्हणायचो, आई आजारी आहे ना, मग जा, अर्ज मागून दे. शेकडो लोकांना पाठवलं. स्वतःला नाही पाठवता आलं."

निनाद तिथंच खाली बसला. दोघंही रडले, आणि रडून झाल्यावर दोघांनाही लाज वाटली, मग निनादनं चहा केला. त्यात साखर जास्त पडली म्हणून बाबा कुरकुरले. फाइली मात्र त्यांनी पुन्हा काढल्या नाहीत. उरलेले चार-पाच दिवस ते नुसते ओट्यावर बसले. बाबा आईविषयी बोलायचे, ती कशी भांडायची, लग्नाच्या पहिल्या वर्षी रागावून कशी दोनदा माहेरी गेली होती. निनादनं यातलं एक अक्षर आधी ऐकलं नव्हतं. एवढं सगळं या माणसाच्या पोटात होतं आणि आपल्याला ते शेवटच्या आठवड्यात मिळतंय, म्हणून त्याची चिडचिड व्हायची, आणि पुढचं ऐकायची घाईही व्हायची.

सत्तावीस तारखेला सकाळी संभाजीनगरच्या विमानतळावर जायला गाडी आली. एकवीस दिवसांतला हा विसावा. एकविसावा प्रवासात जाणार होता. ड्रायव्हरनं बॅग डिकीत टाकली. मयूरीनं डबा दिला. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि ते तिला जमत नव्हतं.

बाबा कुणाचा हात न धरता फाटकापर्यंत आले. तेवढ्यासाठी त्यांना दोनदा थांबावं लागलं. निनाद पाया पडला.

"सगळं घेतलंस? पासपोर्ट? आदेशाची मूळ प्रत?"

"घेतली."

"एकोणतीसला सकाळी हजर."

"हो बाबा."

बाबांनी मान हलवली. निनाद गाडीत बसला. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि बाबांनी खिडकीच्या काचेवर हात ठेवला.

"निनाद, नको जाऊस."

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. निनादला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बाबा, रजा संपली."

"ठाऊक आहे. मीच मोजलीय."

"मग कशाच्या आधारावर राहू? कुठलं कलम? परत अर्ज करायचा म्हटलं तर..."

"कलम नाही. सगळं पाहिलं मी, काहीच नाही." बाबांचा श्वास अजून निवला नव्हता. "अर्ज करू नकोस. गैरहजर राहा."

तेहतीस वर्षांत या माणसानं गैरहजर राहणाऱ्या किती लोकांना नोटिसा काढल्या होत्या, किती जणांचे पगार कापले होते, ते अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. मयूरी तोंडावर हात ठेवून उभी होती.

निनाद दार उघडून बाहेर आला. त्याच्या डोळ्यांसमोर फ्राउ लाइटनर बाई आल्या, एकोणतीस तारीख आली, एप्रिल महिना आला, आणि मग तो इतका भडकला की ड्रायव्हरसुद्धा दचकला.

"हे नोव्हेंबरात म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? तीन महिने! तीनशे दहा पानं वाचलीत, घाटावर जाऊन स्वतःचं श्राद्ध केलंत, मला तिकडं हजार सह्या करायला लावल्यात, आणि म्हणायचं होतं एवढंच?"

"तेव्हा म्हणता आलं नाही रे," बाबा म्हणाले. "सवय नव्हती."

निनादनं डिकी उघडली आणि बॅग बाहेर काढली.